आईच्या छातीत तिसऱ्यांदा पाणी, आता मेसोथेलिओमा म्हणतायत. हे डॉक्टर नक्की ओळखतात कसं?

कळव्याची_लेक

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

आई, वय ६९, शुगर आहे, बाकी ठणठणीत होती. गेल्या गणपतीत तिला दम लागायला लागला, आम्हाला वाटलं पाहुण्यांची उठबस करून दमली असेल, पण विसर्जन झालं तरी जिना चढताना दोनदा थांबायची आणि उजव्या कुशीवर झोपलं की खोकला. एक्सरे काढला तर उजव्या बाजूला पाणी. इथल्याच हॉस्पिटलात सुईने काढलं, सव्वा लिटर, रंग म्हणजे कोऱ्या चहात कुंकू पडल्यासारखा. रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, एडीए ४४, टीबीचे जंतू सापडले नाहीत, कॅन्सरच्या पेशी निल. डॉक्टर म्हणाले आपल्याकडे असं पाणी म्हणजे टीबीच असतो, सहा महिन्यांचा कोर्स घ्या. सुरू केला. लघवी केशरी, तोंडाची चव गेली, वजन ६१ वरून ५४ वर आलं आणि डिसेंबरात पाणी परत. पुन्हा काढलं, पुन्हा निल. म्हणाले वेळ लागतो, गोळ्या सोडू नका. फेब्रुवारीत तिसऱ्यांदा.

मग भावाने दुसऱ्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रंगाचं इंजेक्शन देऊन सिटी स्कॅन करायला लावला, फिल्म दिव्यावर लावून बराच वेळ काही बोललेच नाहीत, आणि मग आईला विचारलं, "आजी, आजोबा काय काम करायचे हो?" आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो, कारण बाबांना जाऊन सोळा वर्षं झाली. बाबा गिरणीत बॉयलर खात्यात होते, ८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, मग बारा वर्षं एका लॅगिंगच्या ठेकेदाराकडे, म्हणजे पाइपांवर ते पांढरं जाड प्लास्टर चढवायचं काम. आई आयुष्यात कधी कंपनीच्या गेटच्या आत गेली नाही. डॉक्टरांनी लगेच विचारलं, "त्यांचे कपडे कोण धुवायचं?"

तेव्हा मला एकदम ते डोळ्यासमोर आलं. आमच्या चाळीत बाबा यायचे तर केसात, भुवयांत पीठ सांडल्यासारखं असायचं, आणि आई त्यांची खाकी पँट गॅलरीत नेऊन कठड्यावर दणादणा आपटायची, मगच मोरीत भिजवायची. उन्हात ती पांढरी धूळ चमकायची, आम्ही पोरं त्यात हात घालायचो.

आता ते म्हणतात मेसोथेलिओमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, असू शकतो, दुर्बिणीने तुकडा काढावा लागेल. माझं डोकं चालत नाहीये. दोनदा पाण्यात कॅन्सर नाही आला तर आता कुठून आला? रक्ताची एखादी टेस्ट नसते का याची? पेट स्कॅन केला तर कळणार नाही का, एवढी चिरफाड ६९ व्या वर्षी, त्यात शुगर? आणि टीबीच्या गोळ्या चालू ठेवायच्या का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

दमछाक_डॉक्टर

ताई, मी छातीचाच डॉक्टर आहे, विदर्भात. रिपोर्ट हातात न घेता निदान सांगणार नाही, पण तुमचे नवीन डॉक्टर बरोबर रस्त्याने चाललेत एवढं नक्की, आणि गोळ्यांचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या, मनाने बंद करू नका.

आधी पाण्याचं. फुप्फुसाभोवती दोन पातळ पापुद्रे असतात, एक फुप्फुसाला चिकटलेला, एक बरगड्यांच्या आतल्या बाजूला. मधल्या फटीत चमचा-दोन चमचे ओलावा असतो, घासू नये म्हणून. हा कॅन्सर त्या पापुद्र्यातून उगवतो, फुप्फुसातून नाही. पाणी तपासतात तेव्हा आपण बघतो काय, तर पापुद्र्यावरून गळून पाण्यात पडलेल्या पेशी. त्या गळल्याच नाहीत, किंवा गळल्या पण साध्या सुजेतल्या पेशींसारख्याच दिसल्या, तर रिपोर्ट निल. मेसोथेलिओमात पाण्यावरून निदान साधारण तीनातल्या एकाच पेशंटमध्ये होतं, आणि त्याचा जो सार्कोमॅटॉइड नावाचा खडूस प्रकार आहे त्याच्या पेशी तर पाण्यात जवळपास उतरतच नाहीत. म्हणून दोनदा निल आलं याचा अर्थ "कॅन्सर नाही" असा नसून "पाण्यात सापडला नाही" एवढाच.

आता एडीए, म्हणजे पाण्यात मोजतात ते एक एन्झाइम. आपल्याकडे ४० च्या वर एडीए आणि लिम्फोसाइट्स जास्त असले की टीबी धरतात, आणि बहुतेक वेळा तो अंदाज बरोबर निघतो, मी स्वतः शेकड्याने असे पेशंट बरे झालेले बघितलेत, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांना मी लगेच फाशी देणार नाही. पण एडीए काही टीबीच्या जंतूचं नाव-गाव नाही. त्या पांढऱ्या पेशी जिथे गर्दी करतात तिथे तो वाढतो, मग तो टीबी असो, पू असो, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) असो, कधीकधी मेसोथेलिओमा असो. आणि तो ४४ म्हणजे काठावरचा. माझं भांडण आहे ते डिसेंबरातल्या दुसऱ्या वेळेशी. दोन-अडीच महिने चार औषधं नीट घेऊन वजन वाढायच्या ऐवजी सात किलो उतरतं, पाणी लाल येतं, परत भरतं, तिथे थांबून "आपण चुकत तर नाही ना" विचारायला हवं होतं.

एक जुनी गोष्ट सांगतो, विषयाला धरून आहे. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला टीबीचं हॉस्पिटल होतं, तिथल्या डॉ. स्लेग्स यांच्या लक्षात आलं की छातीत पाणी झालेले काही पेशंट टीबीच्या औषधांनी बरे होतच नाहीत, आणि ते सगळे गावाच्या पश्चिमेकडून येतात. पश्चिमेला निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी. (हे तंतूंचं खनिज, लॅगिंगच्या त्या पांढऱ्या प्लास्टरमध्येही हेच असायचं.) मग वॅग्नर नावाचे पॅथॉलॉजिस्ट, स्लेग्स आणि मार्चंड यांनी मिळून १९६० साली ३३ पेशंटचा पेपर लिहिला, आणि अ‍ॅस्बेस्टॉस आणि मेसोथेलिओमा यांचं नातं तिथून जगाला कळलं. त्यातले सगळे खाणकामगार नव्हते बरं का, नुसते त्या भागात लहानपणी राहिलेलेही होते. म्हणजे हा रोग सापडलाच मुळी टीबीच्या वॉर्डात, "औषध लागू का पडत नाही" या प्रश्नातून. आज ६० हून जास्त वर्षांनी तुमच्या आईचं तेच.

सिटीमध्ये डॉक्टर एवढा वेळ काय बघत होते तेही सांगतो. पापुद्रा जाड झालाय का, सेंटिमीटरच्या वर आहे का, गाठी-गाठीचा आहे का, संत्र्याच्या सालीसारखा फुप्फुसाला सगळीकडून वेढतोय का, आणि मुख्य म्हणजे हृदयाच्या बाजूचा पापुद्रासुद्धा जाड आहे का. टीबीत सहसा तो भाग असा होत नाही. आणखी एक खूण, एका बाजूला लिटरभर पाणी साठलं की हृदय आणि श्वासनळी दुसऱ्या बाजूला ढकलली जायला हवी, इथे बऱ्याचदा ढकलली जात नाहीत, सगळं जागच्या जागी गोठल्यासारखं. तुमच्या रिपोर्टमध्ये "प्लूरल प्लाक" असा शब्द आहे का बघा, चुन्याच्या खपल्यांसारखे असतात. ते स्वतः कॅन्सर नसतात, पण अ‍ॅस्बेस्टॉस छातीत गेला होता याची ती पावती असते.

पण सिटीवर कितीही तसं दिसलं तरी सिटीवर निदान होत नाही. तुकडा लागतोच.

कळव्याची_लेक

डॉक्टरसाहेब खूप खूप आभार. आत्ता रिपोर्ट काढून बघितला, "दोन्ही बाजूंना कॅल्सिफाइड प्लूरल प्लाक्स" असं लिहिलंय. वाचलं होतं तेव्हा कळलंच नव्हतं काय ते.

रामराम_पाव्हणं

ताई आगाऊपणा वाटेल पण तुकडा काढू देऊ नका. आमच्या मावशीच्या गाठीला सुई लावली आणि दोन महिन्यात सगळीकडे पसरलं. त्याला डिवचायचं नसतं. सुरी लागली की भडकतो हे जुने लोक उगाच नाही म्हणायचे.

दमछाक_डॉक्टर

पाव्हणं, मावशींचं वाईट वाटलं, पण सुईने पसरलं नाही, ते आधीच पसरत होतं आणि सुईमुळे तुम्हाला कळलं, एवढाच फरक.

हां, आता खोटं कशाला बोलू, या एका कॅन्सरमध्ये तुमच्या म्हणण्याला अगदी बारीकसा धागा आहे. जिथून नळी किंवा दुर्बीण घातली त्या भोकाच्या जागी कातडीखाली नंतर कधीकधी गाठ येते. म्हणूनच शक्यतो एकाच भोकातून काम उरकतात, उगाच चार-चार ठिकाणी सुया मारत नाहीत. आलीच तर तिथे शेक, म्हणजे रेडिएशन, देतात. पण त्या भीतीने तुकडाच न काढणं म्हणजे पेशंटला वर्षभर चुकीच्या रोगाच्या गोळ्या खायला घालणं, जे इथे सहा महिने झालंच आहे.

ताई, दुर्बिणीबद्दल. थोरॅकोस्कोपी म्हणतात. चांगल्या कुशीवर झोपवतात, झोपेचं हलकं औषध आणि जागेवर भूल, काखेच्या खाली बोटाच्या पेराएवढी चीर, त्यातून आधी पाणी पूर्ण शोषून घेतात आणि मग कॅमेरा आत. पापुद्रा समोर स्क्रीनवर दिसतो. टीबी असेल तर बहुतेक वेळा साबुदाण्यासारखे बारीक दाणे, हा असेल तर गाठी, द्राक्षासारखे फुगवटे, कधी नुसतीच जाड पांढरी साल. दिसण्यावर जायचं नाही, पण जिथे संशय आहे तिथूनच तुकडे घेता येतात हा फायदा, बाहेरून आंधळी सुई मारून तो मिळत नाही. आठ-दहा तुकडे आणि खोल, खालच्या चरबीपर्यंतचे. यात निदान ९० टक्क्यांहून जास्त वेळा होतं. नंतर नळी आणि बाटली दोन-चार दिवस. ६९ वय आणि शुगर हे काही मोठे अडथळे नाहीत, शुगर कंट्रोलमध्ये हवी आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. ज्यांना हे झेपणारच नाही त्यांचा सिटीत बघून जाड भागातून सुईने तुकडा घेतात, तोही चांगला पर्याय आहे. पाणी फारच कमी असेल आणि फुप्फुस छातीला चिकटलं असेल तर सर्जनकडून पूर्ण भूल देऊन करतात.

पेट स्कॅन रोग किती पसरलाय, तुकडा कुठून घ्यावा, यासाठी उपयोगी. पण टीबीसुद्धा पेटवर दिव्यासारखा पेटतो, त्यामुळे आपल्या देशात पेट बघून कॅन्सर ठरवणारा माणूस एक दिवस तोंडावर आपटतो. एक प्रॅक्टिकल गोष्ट, पाणी परत भरू नये म्हणून काही वेळा आत टाल्कची पावडर फवारतात, ती टाकल्यावर पेट कित्येक महिने उगाचच चमकत राहतो, त्यामुळे पेट करायचा असेल तर आधी करा. रक्तात मेसोथेलिन नावाची एक टेस्ट आहे, पण एकट्या तिच्यावर कोणी निदान करत नाही, पैसे वाचवा.

स्लाइडवाली

दमछाक डॉक्टरांनी आमच्या खात्याचं काम "तुकडा लागतोच" म्हणून सोडून दिलं, तर पुढचं मी सांगते. मी पॅथॉलॉजिस्ट, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसते.

लेकी, सगळ्यात आधी एक काम. ज्या दिवशी दुर्बीण असेल त्या दिवशी ऑपरेशन थिएटरबाहेर सिस्टरना विचार, तुकडे दोन डब्यांत जाणार ना? एक फॉर्मेलिनची डबी, ती आमच्यासाठी. दुसरी साध्या सलाइनची, टीबीच्या कल्चर आणि जीन टेस्टसाठी. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर उगवणार कसं? सगळे तुकडे भस्सकन एकाच फॉर्मेलिनच्या डबीत टाकलेले मी इतक्या वेळा बघितलेत की आता चिडणंही सोडलंय. तुमच्या केसमध्ये टीबी की कॅन्सर हाच प्रश्न आहे म्हटल्यावर दोन्ही दारं उघडी पाहिजेत.

तुकडा आला की तो मेणात घालून वडी करतो, तिला ब्लॉक म्हणतात, आणि त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप काचेवर घेतो. पहिला प्रश्न, हे खरंच कॅन्सरचं आहे का नुसती सूज? कारण पापुद्र्याच्या पेशी फार नाटकी असतात, साध्या इन्फेक्शननेसुद्धा फुगून, डोळे वटारून बसतात, अगदी कॅन्सरसारख्या. मग बघायचं की त्या आपल्या थरात आहेत का खालच्या चरबीत घुसल्यात. सुजेतल्या पेशी चरबीत घुसत नाहीत. म्हणून डॉक्टर "खोल तुकडा" म्हणाले, वरवर खरवडून दिलं तर आम्ही कशावरून सांगणार? टीबी असेल तर ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेतल्या पेशींचे छोटे गोळे, दिसतात, ते वेगळंच चित्र.

दुसरा प्रश्न, कॅन्सर असेल तर घरचा का पाहुणा? बायकांच्या छातीत कॅन्सरचं पाणी होतं तेव्हा बहुतेक वेळा तो फुप्फुसाचा, स्तनाचा नाहीतर अंडाशयाचा असतो, तिथून पापुद्र्यावर आलेला. मेसोथेलिओमा त्या मानाने फार दुर्मिळ. त्यामुळे तुमचे डॉक्टर स्तनाची तपासणी किंवा पोटाची सोनोग्राफी सांगतील तर "आता हे काय नवीन" म्हणून वैतागू नका. आणि काचेवर हे दोघं बऱ्याचदा जुळ्या भावांसारखे दिसतात, म्हणून आयएचसी करतो. वेगवेगळी द्रव्यं टाकून बघायचं कोणाला तपकिरी रंग चढतो. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, सीके ५/६, डी२-४० हे मेसोथेलिओमाच्या बाजूचे साक्षीदार. टीटीएफ-१, क्लॉडिन-४, बेरेप-४, सीईए हे विरुद्ध बाजूचे. एकेका साक्षीदारावर विसंबायचं नाही, दोन्ही बाजूंचे किमान दोन-दोन तरी बोलले पाहिजेत. कॅलरेटिनिन नीट चढला ना की पेशी अगदी हाफ-फ्राय अंड्यासारखी दिसते, मधला बलक गडद. रेसिडेंट पोरं ते बघून कँटीनला पळतात.

अजूनही शंका राहिली तर बॅप-१ आणि एमटॅप. हे पेशीत नॉर्मली असतात, मेसोथेलिओमात बऱ्याच वेळा हरवलेले असतात. हरवले असतील तर ही साधी सूज नाही हे जवळपास ठरलं. असतील तर मात्र काही सिद्ध होत नाही, हे उलटं वाचायची चूक खूप जण करतात.

शेवटी प्रकार सांगतो, एपिथेलिऑइड, सार्कोमॅटॉइड, नाहीतर दोन्ही मिसळलेला बायफेजिक. हा शब्द रिपोर्टमध्ये नक्की शोधा, पुढची ट्रीटमेंट आणि एकूण अंदाज त्यावर बराच अवलंबून असतो, एपिथेलिऑइड त्यातल्या त्यात बरा. या सगळ्याला आठ-दहा दिवस लागतात, रोज फोन करून काप लवकर रंगत नाहीत.

हा कॅन्सर इतका कमी दिसतो की मी स्वतः सुद्धा माझी केस दुसऱ्या डोळ्यांना दाखवल्याशिवाय सही करत नाही. तुम्हीपण ब्लॉक आणि स्लाइड्स घेऊन परळला टाटाला किंवा जिथे अशा केसेस जास्त येतात तिथे दाखवून घ्या. त्यासाठी आईला पुन्हा टोचावं लागत नाही.

जुना_लॅगर

पोरी तुझं वाचून बसून राहिलो. मी पण लॅगिंगमधलाच. ७४ ते ९६. तुझे वडील कदाचित माझ्याबरोबर एखाद्या साइटवर असतीलही, आम्ही सगळे एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारायचो, खरी नावं कोणाला म्हायती.

लोकांना कळत नाही म्हणून सांगतो. पोती यायची. पोतं ब्लेडने फाडायचं आणि अर्ध्या ड्रममध्ये झटकायचं, वर पाणी, आणि हाताने नायतर फावड्याने कालवायचं लापशीसारखं. मग ते पाइपावर थापायचं, वर जाळी, परत थापायचं. ते झालं ओलं काम, त्यात धूळ कमी. खरी धूळ जुनं लॅगिंग तोडताना. जहाजाच्या बॉयलर रूममध्ये हातोड्याने ठोकून काढायचं, समोरचा माणूस दिसायचा नाही. तोंडाला काय, तर गळ्यातला रुमाल. बॉयलरच्या दाराला लावायची दोरी असायची पांढरी, मऊ, तिचे उरलेले तुकडे आम्ही घरी न्यायचो, शेगडीचं गरम भांडं धरायला लय भारी. कोण सांगणार होतं?

दोन गोष्टी. वडिलांची ट्रंक असेल तर उघड. पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड, गेटपास, ठेकेदाराचं पत्र, काय मिळेल ते. डॉक्टरला तोंडी सांगण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा, आणि केस पेपरवर लिहून घ्यायला सांग की नवरा लॅगिंगला होता, कपडे ही धुवायची. आमच्यातल्या एकाच्या केस पेपरवर तीन ठिकाणी "व्यवसाय : काही नाही" लिहिलेलं, कारण तो तेव्हा रिटायर होता.

दुसरं कडू आहे. भरपाईच्या कायद्यात अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा आहे, पण कामगाराला. वहिनींना त्यातून काय मिळायचं नाही, त्या कामगार नव्हत्या ना. सुप्रीम कोर्टाने ९५ साली सांगितलं होतं की अ‍ॅस्बेस्टॉस कंपन्यांनी कामगारांचे तब्येतीचे रेकॉर्ड ४० वर्षं ठेवायचे. ठेकेदाराच्या माणसाचं रेकॉर्ड कोण ठेवतो. धुणं धुणाऱ्या बाईचं तर सोडच.

पत्र्याचं_घर

मध्येच विचारतो, माफ करा, आमच्या गावच्या घरावर सिमेंटचे पत्रे आहेत तीस वर्षांपासून. आता झोप उडाली. उतरवू का?

दमछाक_डॉक्टर

घाईने उतरवू नका, तीच चूक होईल. पत्रा शाबूत असेल तर त्यातले तंतू सिमेंटमध्ये बांधलेले असतात, नुसतं खाली राहण्याचा धोका खूप कमी. धोका आहे कापताना, भोकं पाडताना, कोरडा घासताना, फोडून तुकडे अंगणात टाकताना. उतरवायची वेळ आलीच तर ओला करून, अख्खा काढा, आणि पोरांना लांब ठेवा. आपल्याकडे खाणी बंद झाल्या पण पत्र्यासाठी पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस अजून बाहेरून आणतात, त्यामुळे कडी-कुलूप लावायला नवीन पत्र्याला ड्रिल मारणारा गवंडीदादा दिसला तर त्याला मास्क द्या.

लीड्सची_नर्स

मूळची साताऱ्याची, इथे इंग्लंडात छातीच्या वॉर्डला बारा वर्षं. इथे शिपयार्ड, पॉवर स्टेशन, जुन्या शाळा यातला अ‍ॅस्बेस्टॉस इतका की दरवर्षी दोन हजारांवर माणसं या रोगाने जातात, बंदी १९९९ ला आली तरी, कारण तंतू आत गेल्यापासून रोग दिसेपर्यंत तीस-चाळीस वर्षं, कधी पन्नास. तुमच्या आईंचं गणित त्यात तंतोतंत बसतं.

फरक एवढाच वाटतो की इथे म्हाताऱ्या माणसाला एका बाजूला पाणी झालं की आम्ही फॉर्म भरतानाच शाळा सुटल्यापासूनची सगळी कामं क्रमाने लिहून घेतो, आणि नवऱ्याचं, वडिलांचं कामही. कितीतरी बायकांनी "मी तर फक्त घरी होते" असंच सुरू केलंय, आणि मग पाचव्या मिनिटाला नवऱ्याचा डांगरी सूट निघतो. आणि इथे टीबी डोक्यात शेवटी येतो, त्यामुळे आमच्याकडून उलटी चूक होते, आपल्या देशी माणसाचा साधा टीबी कॅन्सर समजून महिनाभर घाबरवलेला मी बघितलाय. तेव्हा तुकडा दोघांनाही लागतो.

तू स्वतःबद्दल विचारलं नाहीस पण मनात असणार, धुळीत हात घालायचो लिहिलंयस ना. निरोगी माणसाला आधीच पकडणारी खात्रीची टेस्ट आज नाही, दरवर्षी सिटी काढून फक्त किरणं अंगावर घेशील. तुझ्या फाइलवर लहानपणीचा अ‍ॅस्बेस्टॉसचा संपर्क लिहून ठेव, आणि कधी दम, एका बाजूचं दुखणं राहिलं तर ते पहिल्या वाक्यात सांग. सिगारेटने हा रोग होत नाही, पण अ‍ॅस्बेस्टॉस अधिक सिगारेट म्हणजे फुप्फुसाचा कॅन्सर फार वाढतो, भावाला सांग ओढत असेल तर.

कळव्याची_लेक

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा, मधे धावपळ होती. अपडेट.

दुर्बीण झाली. आई आत जाताना घाबरली नव्हती, मीच होते. पाऊण तास लागला. स्लाइडवाली ताई, मी सिस्टरना दोन डब्यांचं विचारलं, त्या हसल्या, म्हणाल्या तुम्ही लॅबमध्ये आहात का, आणि दोन डब्याच होत्या. डॉक्टरांनी नंतर मोबाइलवर फोटो दाखवला, बरगड्यांच्या आतून पांढरट गाठी, द्राक्षासारख्या, दमछाक डॉक्टरांनी लिहिलं होतं अगदी तसं, मला बघवलं नाही पण बघितलं.

पहिला रिपोर्ट पाच दिवसांनी, चरबीत शिरलेल्या पेशी, आयएचसी बाकी. मग परवा तो आला. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह, टीटीएफ-१, क्लॉडिन-४ निगेटिव्ह, बॅप-१ हरवलेला. एपिथेलिऑइड मेसोथेलिओमा. ग्रॅन्युलोमा कुठेच नाहीत, टीबीची जीन टेस्ट निगेटिव्ह, कल्चर अजून लावलेलं आहे पण डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या थांबवल्या. आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे ती केशरी लघवी बंद ना?" रोगाचं नाव तिला उच्चारता येत नाही, ती त्याला "यांच्या कामाचं" म्हणते.

लॅगर काका, ट्रंक उघडली. पीएफची एक स्लिप मिळाली ८७ सालची आणि ठेकेदाराचा ओळखपत्राचा तुकडा, बाबांचा फोटो आहे, मिशा काळ्या. झेरॉक्स काढून फाइलला लावली. डॉक्टरांनी केस पेपरवर स्वतःच्या हाताने लिहिलं, पतीच्या कपड्यांमार्फत अ‍ॅस्बेस्टॉस संपर्क, १९ वर्षे. पेट स्कॅन सोमवारी, टाल्क अजून टाकलेला नाही, त्यानंतर ऑन्कॉलॉजिस्ट. परळला स्लाइड्स कधी नेऊ, पेटच्या आधी की नंतर?

स्लाइडवाली

वाट कशाला बघतेस, उद्याच ब्लॉक मागून घे, पेटशी त्याचा संबंध नाही. आमच्यासारख्या लॅबमध्ये अर्ज आणि पेशंटचं ओळखपत्र लागतं, काही ठिकाणी दोन दिवस लावतात. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर एकच आहे ना हे काउंटरवरच उभं राहून जुळव, सगळे ब्लॉक मिळाले का मोज, आणि ते उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नको, मेण आहे ते, वितळतं. जमा करशील तिथे पावती घे आणि फोटो काढून ठेव, परत आणताना तीच मागतात.